अतिसारातील लंघन आणि पाण्याचा विसर

वर्षा ऋतू सुरू झाला की आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत अतिसाराच्या रुग्णांची रीघ लागते. घरगुती उपाय कोणते, या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही मात्र प्रस्तुत लेखाचा प्रारंभ स्वतःच्या एका चुकीपासून करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या एका बालकास द्रवमलप्रवृत्ती होत असल्याने त्याची आजी आमच्याकडे घेऊन आली. आम्ही पाचक औषध दिले आणि 'आज लंघन ठेवा' असे सांगितले. आजीबाईंनी ते इतके निष्ठेने पाळले की पाणीही बंद केले. दुसऱ्या दिवशी बालक आले तेव्हा डोळे खोल गेले होते, रडताना अश्रू येत नव्हते आणि पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली असता सावकाश पूर्ववत होत होती. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठविले. शिरेतून द्रव मिळाल्याने ते वाचले. आजीबाईंचा यात दोष नव्हता. बाल, वृद्ध, गर्भिणी व दुर्बल यांना शास्त्राने लंघनातून वगळले आहे, याचा विसर आम्हांस पडला होता. आणि 'पाणी देत राहा' हे साधे शब्द आमच्या तोंडून निघाले नव्हते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणिसाव्या अध्यायात आमातिसारात प्रारंभीच संग्राही औषध देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. अडविलेले दोष आध्मान, ग्रहणी, शोथ, पांडू आदी विकार उत्पन्न करतात. हा इशारा आपण सर्वच जण पाठ म्हणतो. परंतु त्याच अध्यायात तृषार्त रुग्णास वाळा व सुंठ किंवा मुस्ता व पर्पटक यांनी सिद्ध केलेले जल द्यावे, असेही सांगितले आहे. तेथे लंघनाचा अर्थ जलत्याग असा कोठेही नाही.

घरगुती उपायांकडेही याच दृष्टीने पाहावे. भाताची पेज, साळीच्या लाह्यांचे पाणी, सुंठ-जिरे घातलेले ताजे पातळ ताक हे उपाय उत्तम. कारण त्यांत अन्नाबरोबर द्रवही पोटात जातो. बालकाचे स्तन्यपान कदापि थांबवू नये. जायफळाची मात्रा बालकांत अधिक झाल्यास ग्लानी येते, आणि ती ग्लानी जलक्षयाची की जायफळाची हे ओळखणे कठीण होते. डाळिंबाची साल, कच्चे बेलफळ व कुडा यांचे स्थान निरामावस्थेत आहे. कर्पूर रसासारखे अहिफेनयुक्त योग तर वैद्याच्या देखरेखीविना कोणाच्याही हाती देऊ नयेत.

या सर्वांबरोबर जलसंजीवनी द्यावी, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत विषूचिकेची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे दिले आणि तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. एक लिटर पाण्याचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावे व २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिली द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्यावे. पाकीट न मिळाल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. बालकांस १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली केली आहे : सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम.

पुढील लक्षणे दिसताच घरगुती उपाय थांबवून रुग्णास रुग्णालयात पाठवावे : मलात रक्त, तांदळाच्या धुवणासारखा विपुल मल, न थांबणारी उलटी, तीव्र ज्वर, सहा तासांहून अधिक काळ मूत्र न होणे, डोळे खोल जाणे, सुस्ती किंवा पाणी पिण्याची असमर्थता. पाठवितानाही वाटेत घोट घेता येत असल्यास जलसंजीवनी चालू ठेवावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात मात्र काही घालू नये. सहा महिन्यांखालील बालकास पहिल्याच दिवशी तपासावे. प्रौढास दोन दिवसांत उतार न पडल्यास तपासणी आवश्यक होय.

औषधालयाच्या मालकांना आमची विशेष विनंती आहे. अनेक रुग्णांचा पहिला वैद्य म्हणजे आपला विक्री-मेज होय. 'जुलाब बंद करणारी गोळी द्या' अशी मागणी आल्यास प्रथम रुग्णाचे वय, मूत्रप्रवृत्ती आणि मलातील रक्त यांविषयी विचारावे. जलसंजीवनीच्या नावाने गोड पेये विकली जात असत. अशा खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. जुना साठा शिल्लक असल्यास तो मांडणीतून काढावा.

त्या बालकानंतर आम्ही अतिसाराच्या प्रत्येक चिठ्ठीवर औषधाच्या आधी पाण्याचे प्रमाण लिहितो आणि चिठ्ठी घेणाऱ्याकडून ते एकदा मोठ्याने म्हणवून घेतो. यास अर्धा मिनिट लागतो. व्यवसायबंधूंनी हा अर्धा मिनिट अवश्य द्यावा.