देहप्रतिमा, मनःस्थिती आणि व्यायामेच्छा : स्थूल व्यक्तींच्या संदर्भात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के भारतीय स्त्रिया अतिवजनी वा स्थूल आहेत. त्या आळसामुळे व्यायाम टाळतात, हा समज अपुरा होय. स्वशरीराविषयी मनात वसलेले चित्र म्हणजे देहप्रतिमा. चेष्टेने ती डागाळली की चारचौघांत चालण्याचाही संकोच वाटतो. हालचाल घटते, मन खिन्न होते आणि व्यायामेच्छा आणखी मंदावते. धाडसारख्या गावात तर 'खात्यापित्या घरची' हे कौतुक आणि 'जाडी' ही टिंगल एकीच्याच वाट्याला येऊ शकते. व्यायामाने वजन उतरण्यास महिने लागतात; मनःस्थिती मात्र पुष्कळदा त्याच दिवशी सुधारते. म्हणून आरंभी वजनकाट्याऐवजी झोप, उत्साह व चाललेली मिनिटे नोंदवावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सुचविली आहे. त्याहून कमी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा हितावह मानली आहे.