नवा अध्यक्ष कागदावर कधी येतो?

माजी विद्यार्थी संघ म्हटलं की डिसेंबर-जानेवारीतला स्नेहमेळावा, जुन्या वर्गातला बॅचचा फोटो आणि गरजू मुलांची शिष्यवृत्ती एवढंच डोळ्यांपुढं येतं. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला ५.४ हा वेगळा उपनिकष मिळाला आणि कॉलेजांनाही संघाची आठवण वेळेवर होऊ लागली, हा भाग वेगळा!

महाराष्ट्रात असा संघ बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेला असतो. त्यामुळे सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजल्या, नव्या अध्यक्षांच्या गळ्यात हार पडला, की काम संपत नाही. दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ नुसार हा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. बोलण्यात याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. सोबत सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, प्रोसिडिंग बुकातल्या ठरावाची नक्कल, नव्या मंडळींची संमतिपत्रं. घोडं अडतं ते इथंच. नोटीस व्हॉट्सॲपवर गेलेली, सह्यांचं पान कोरं! त्यात मावळत्या कार्यकारिणीतल्या कुणी हरकत घेतली, तर प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळू शकतं. तोवर धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या, म्हणजे परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर जुनीच नावं. खात्यावरच्या सह्या बदलायला गेलात, तर बँकही बहुधा हाच उतारा मागते.

तुमच्या संघाच्या उताऱ्यावर आज कुणाची नावं आहेत, एकदा काढून पाहा.