विश्लेषण : 'मॉडिफाइड' जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घेताना इंजिनाआधी आरसी बुक का वाचावे?

नाशिकहून पेठमार्गे गुजरातकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ८४८ सह्याद्रीच्या घाटांमधून जातो. सावळघाट, कोटंबी घाट यांची वळणे, पावसाळ्यातला हिरवा डोंगर आणि अशा रस्त्यावर छप्पर उघडणारी दोन आसनी जुनी गाडी, हे चित्र अनेक हौशी वाहनप्रेमींच्या मनात असते. मग कधीतरी जाहिरात दिसते : 'क्लासिक ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, मॉडिफाइड, रनिंग कंडिशन, पेपर क्लिअर.' यातला 'मॉडिफाइड' हा शब्द विक्रेत्याच्या दृष्टीने गाडीचा गुण असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तोच शब्द अडचणीचा ठरू शकतो. पेठसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने समजा अशी गाडी घेतली, तर ती रस्त्यावर चालवता येईल का, तिला 'विंटेज' दर्जा मिळेल का आणि पुढे ती विकता येईल का, हे सगळे याच शब्दावर अवलंबून आहे.

'क्लासिक ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार' म्हणजे नेमक्या कोणत्या गाड्या?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हलक्या, लहान, दोन आसनी आणि उघड्या छपराच्या गाड्यांची लाट आली. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस'वरून नाव पडलेल्या एमजीची 'टीसी' (१९४५ ते १९४९), त्यानंतरच्या 'टीडी' आणि 'टीएफ', 'एमजीए' (१९५५ ते १९६२) आणि 'एमजीबी' (१९६२ ते १९८०) या तिच्यातल्या सर्वांत परिचित. ट्रायम्फची 'स्पिटफायर' १९६२ मध्ये आली, जॅग्वारची 'ई-टाइप' १९६१ मध्ये, तर लोटसची 'सेव्हन' १९५७ मध्ये. यातल्या बहुतेक गाड्यांचे यांत्रिक भाग साध्या कौटुंबिक गाड्यांमधून घेतलेले होते. त्यामुळे त्या तुलनेने स्वस्त होत्या आणि साध्या गॅरेजमध्येही दुरुस्त होत. भारतात त्यांच्यात इतके बदल होऊ शकले, त्याचेही हेच कारण.

भारतातल्या गाड्यांची इंजिने का बदलली गेली?

स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. आधी आलेल्या गाड्या राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. पिस्टन तुटला, क्रँक खराब झाला की मालकापुढे दोनच मार्ग उरत : गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी करायची किंवा जे इंजिन बाजारात मिळते ते बसवायचे. मिस्त्रींनी दुसरा मार्ग पत्करला. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, जीप, अगदी डिझेल इंजिनेही अशा गाड्यांमध्ये बसली. आज ज्याला 'मॉडिफाइड' म्हणतात, त्यातले बरेचसे बदल हौसेपोटी झालेले नाहीत. गाडी चालू ठेवण्याची ती गरज होती.

एमजी आणि अ‍ॅम्बेसेडरचे नाते काय?

हे नाते वरवर वाटते त्यापेक्षा बरेच जवळचे आहे. हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर ही ब्रिटनच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३'वर बेतलेली होती. तिच्यातले १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सीरिज' कुळातले. सुरुवातीच्या एमजीएमध्येही याच कुळातले १,४८९ सीसी इंजिन होते आणि एमजीबीचे १,७९८ सीसी इंजिन त्याचेच मोठे भावंड. कार्ब्युरेटर, हेड, कॉम्प्रेशन असे तपशील वेगळे असले, तरी एमजीएमध्ये अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन बसवणे हा रक्ताच्या नात्यातला बदल म्हणता येतो.

ट्रायम्फचेही तसेच. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून 'स्टँडर्ड हेरल्ड' बनवली. ती ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती. स्पिटफायरही ब्रिटनमध्ये याच हेरल्डच्या यांत्रिक भागांवर उभी राहिली होती. त्यामुळे स्पिटफायरच्या मालकाला भारतात हेरल्डचे भाग शोधण्याचा मार्ग तरी आहे.

यातून खरेदीदाराला एक उपयोगी फरक कळतो. त्याच कुळातले इंजिन बसवलेली गाडी पुन्हा मूळ रूपाकडे नेणे तुलनेने सोपे असते. डिझेल इंजिन बसवण्यासाठी चासी कापली असेल, गिअरबॉक्सची बैठक बदलली असेल, बॉनेटखालचा पत्रा कापला असेल, तर परतीचा रस्ता फार महाग पडतो.

कोणते बदल खरोखर उपयोगाचे आहेत?

सगळेच बदल वाईट नसतात. उलट काही बदलांवाचून ही गाडी आजच्या रस्त्यावर चालवणे अवघड आहे.

शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना त्या शिशाचे संरक्षण मिळत असे. म्हणून हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या असतील, तर ते चांगलेच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या, कॉर्कचे गॅस्केट आणि कार्ब्युरेटरमधील वॉशर खराब करते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बदललेल्या आहेत का, हे विचारायलाच हवे. पेट्रोल गळून गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडले तर गाडी पेट घेऊ शकते.

घाटात दोन गोष्टींची परीक्षा होते. चढावर इंजिन तापते, उतारावर ड्रम ब्रेक तापून पकड सोडतात. मोठा रेडिएटर, विजेवर चालणारा पंखा, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हे बदल त्यासाठी केले जातात. त्या काळातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, तर आजच्या पद्धतीत ऋण टोक जोडतात. डायनमो काढून अल्टरनेटर बसवताना हे वायरिंग उलटे करावे लागते. ते अर्धवट केले असेल, तर नवा रेडिओ किंवा चार्जर लावताच जळतो.

यातले बहुतेक भाग नटबोल्टने लावलेले असतात आणि काढून मूळ भाग परत बसवता येतात. खरेदीदाराने लक्षात ठेवायची कसोटी हीच : बदल उलटवता येण्याजोगा आहे का? आणि काढलेले मूळ भाग विक्रेत्याने जपून ठेवले आहेत का?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी आरसीवरील नोंदी जुळणार नाहीत, असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवण्यास ठरावीक अटींवर मुभा आहे. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकरणाची, म्हणजे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ अधोरेखित केला : निर्मात्याच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली.

इथे बदल कधी झाला, हेही महत्त्वाचे ठरते. कलम ५२ चे आजचे कडक रूप २००० सालच्या दुरुस्तीनंतरचे आहे. त्याआधी आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन बदल करता येत असत. म्हणून १९८० च्या दशकात बदललेल्या इंजिनाची नोंद जुन्या आरसी बुकात शिक्क्यासह असेल, तर ती गाडी आणि गेल्या वर्षी गॅरेजमध्ये गुपचूप इंजिन बदललेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिसायला मात्र दोन्ही सारख्याच!

'विंटेज' नोंदणीने काय मिळते आणि काय जाते?

ब्रिटनमधील संग्राहक 'विंटेज' हा शब्द साधारण १९३० पर्यंतच्याच गाड्यांना लावतात. भारतीय कायद्यात अर्थ वेगळा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरू शकते. अट एकच, पण मोठी : गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. निर्णय राज्याने नेमलेली समिती तपासणी करून देते.

नव्या विंटेज नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षांसाठी असते. फेरनोंदणीला ५ हजार रुपये पडतात. महाराष्ट्रात अशा नव्या क्रमांकाची सुरुवात 'एमएच व्हीए' अशी होते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो.

याउलट साधी नोंदणी ठेवायची, तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण आले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या आयात चारचाकीसाठी नूतनीकरणाचे शुल्कच ८० हजार रुपये झाले आहे. पैशांत विंटेज नोंदणी स्वस्त दिसते. पण तिची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते : ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे पेठहून नाशिकला दर आठवड्याला कामासाठी जाणाऱ्याला विंटेज क्रमांकाची गाडी त्या कामी येणार नाही.

मॉडिफाइड गाडीची खरी कोंडी इथे आहे. इंजिन बदललेले असल्याने विंटेज दर्जा मिळत नाही आणि तो बदल आरसीवर नसल्याने साधे नूतनीकरणही अडते.

दिसते ते खरे असते का?

लग्नाच्या वरातीत दिसणाऱ्या अनेक 'विंटेज' गाड्या खाली मारुती किंवा जीप असतात आणि वर जुन्या ढंगाची बॉडी असते. अशा गाडीची आरसी पाहिली की मूळ नाव समजते. याहून वेगळे उदाहरण रायगड जिल्ह्यातील अलिबागचे. तिथल्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली आणि तिला इसुझूचे १.८ लिटर इंजिन दिले. ती स्वतःच्या नावाने विकली गेलेली गाडी आहे, जुनी लोटस नव्हे. प्रतिकृती घेण्यात गैर काही नाही. प्रतिकृती मूळ गाडीच्या भावात घेणे, हे नुकसान.

गाडी पाहायला जाताना काय तपासावे?

पहिले काम बॉनेट उघडून इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी जुळवण्याचे. नंबराची पट्टी नव्या रिव्हेटने बसवलेली दिसली, आकडे खोडून कोरलेले वाटले, तर तिथेच थांबावे. गाडी अलीकडे परदेशातून आलेली असेल, तर कस्टम्सची 'बिल ऑफ एंट्री' पाहावी. ती नसेल तर नोंदणीचा प्रश्न सुटत नाही.

त्यानंतर पत्रा. टीसी, टीडी, टीएफच्या बॉडीला आतून लाकडी सांगाडा असतो. दार उघडल्यावर खाली झुकले, तर लाकूड कुजलेले असू शकते. एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखालच्या पत्र्याच्या पेट्याच गाडीचा भार पेलतात. तिथे लोहचुंबक चिकटला नाही, तर आत पत्र्याऐवजी पुट्टी आहे. पावसाचा प्रदेश आणि कापडी हूड यांचा मेळ बसत नसल्याने पायाखालची मॅट उचलून पाहणेही आवश्यक आहे.

शेवटी गाडी अर्धा तास चालवून, गरम इंजिनावर बंद करून पुन्हा सुरू करून पाहावी. थंड इंजिन बरेच दोष झाकते.

व्यवहार कसा करावा?

पेठ तालुका नाशिक आरटीओच्या, म्हणजे एमएच-१५ च्या कार्यक्षेत्रात येतो. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर फॉर्म २८ ची ना-हरकतही. खरेदीनंतर ३० दिवसांत अर्ज करणे ही नव्या मालकाची जबाबदारी असते. 'ट्रान्सफर नंतर करू' या बोलीवर पूर्ण रक्कम देऊ नये. साधी टोकन रक्कम देऊन, आरसीच्या प्रतीसह आरटीओत आधी विचारणा करावी आणि बाकीचे पैसे मालकी बदलाशी जोडावेत. विमा घेताना बदल लेखी कळवावेत. लपवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

दर ठरवतानाही हाच क्रम धरावा. मूळ इंजिन, जुळणारे नंबर आणि चालू नोंदणी असलेली रंग उडालेली गाडी, ही चकचकीत रंगाच्या पण कागद न जुळणाऱ्या गाडीपेक्षा अधिक मोलाची असते. रंग नाशिकमध्येही काढून मिळतो. हरवलेला नंबर मात्र कोणत्याच गॅरेजमध्ये तयार करून घेता येत नाही, आणि कोणी करून देतो म्हणाला, तर तो गुन्हा आहे.