ट्रॉलीला ब्रेक असतो का? – चौथीच्या वर्गातला एक प्रश्न आणि घरच्या खरेदीचा धडा



दिवाळी झाली की आमच्या आष्ट्याच्या रस्त्यांचं रूपच बदलतं. गळीत हंगाम सुरू होतो. साखराळ्याचा राजारामबापू कारखाना, वाळव्याचा हुतात्मा कारखाना, सगळीकडं उसाच्या गाड्यांची रांग लागते. बैलगाडी, टायरगाडी, ट्रक आणि सगळ्यात जास्त म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. वर्गात शिकवताना बाहेरून टेपचा आवाज येतो आणि मुलांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर जातं.

असंच एकदा ‘बल आणि गती’ समजावून सांगत होते. सायकलचा ब्रेक दाबला की काय होतं, एवढाच विषय होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, ट्रॅक्टरला ब्रेक हाय. मग मागच्या ट्रॉलीला कुठाय?”

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरी दोन ट्रॉल्या असूनसुद्धा! “उद्या सांगते,” म्हणाले आणि घरी आल्यावर भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, विचारलं. ते हसले. “वहिनी, आपल्या ट्रॉलीला कसला ब्रेक? ट्रॅक्टर थांबला की ती थांबती.”

ती खरंच थांबते का? आजचा लेख त्यावरच आहे. आपल्या शाळेतल्या कितीतरी पालकांच्या घरी ट्रॉली आहे किंवा यंदा घ्यायची आहे. ती घेताना काय बघावं आणि त्यातलं काय वर्गात शिकवता येईल, या दोन्ही गोष्टी एकत्रच मांडते.

आमच्या घरी काय झालं?

पहिली ट्रॉली आम्ही स्वस्त बघून घेतली होती. रंग चकचकीत, फाळक्यावर फुलं काढलेली, मागं कविता लिहिलेली. सगळे खूश. दुसऱ्या हंगामात एका चढावर मागच्या ट्रॉलीचा हूक पट्टीसकट उपटून आला. भरलेली ट्रॉली उलटी मागं आली आणि रस्त्याकडेच्या चरीत रुतून थांबली. वेळ होती संध्याकाळची, शाळा सुटायची. थोड्या वेळापूर्वी त्याच ट्रॉलीमागं पोरं ऊस ओढत पळत होती. देवाची कृपा, कुणाला काही लागलं नाही.

तुटलेली पट्टी मी हातात घेऊन बघितली. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग गंजून तांबडा झालेला आणि अर्धा भाग चकचकीत होता. म्हणजे काय? चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. तांबडा भाग मात्र कितीतरी आधीच तडकलेला होता, त्यात पाणी जाऊन गंज चढला होता. ती भेग रंगाखाली होती आणि आम्ही कुणी कधी वाकून बघितलीच नाही. वेल्डिंग करणाऱ्याची चूक होतीच, पण न बघणाऱ्यांचीही होती. तेव्हापासून ट्रॉली या विषयात मी जरा लक्ष घालायला लागले.

१. आधी काम ठरवा, मग ट्रॉली

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, “किती फुटी पाहिजे?” खरा प्रश्न हवा, “किती टन न्यायचं आहे?” कारण एकाच मापाच्या साठ्यात कडबा भरला तर वजन किरकोळ, आणि वाळू भरली तर आस वाकेल.

हे गणित चौथी-पाचवीच्या मुलांनाही जमतं. समजा साठा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. १० × ६ × २ = १२० घनफूट. आपल्याकडं १०० घनफुटांना एक ब्रास म्हणतात. म्हणजे ही ट्रॉली १.२ ब्रासची झाली. एक ब्रास वाळूचं वजन साधारण साडेचार टन भरतं. म्हणून काठोकाठ वाळू भरली तर सुमारे ५.४ टन होतात. ट्रॉली पाच टनांची असेल तर ती काठोकाठ भरायचीच नाही. ओली वाळू आणखी जड. पाण्याची टाकी न्यायची असेल तर हिशोब सोपा आहे, १००० लिटर म्हणजे एक टन.

रोटाव्हेटर, मळणी यंत्र, पॉवर टिलर अशी औजारं न्यायची असतील तर उंच फळ्यांपेक्षा बुटका, सपाट साठा आणि बांधायला भक्कम कड्या जास्त उपयोगी. औजाराचं वजन एकाच जागी पडतं, म्हणून खालच्या पत्र्याची जाडी आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या किती जवळ आहेत ते बघा.

२. चासी: कागदाचा एक प्रयोग

दोन पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवा. त्यावर एक कोरा कागद आडवा ठेवा आणि मधे खोडरबर ठेवा. कागद खाली पडतो. आता त्याच कागदाच्या दोन्ही लांब कडा दोन बोटं उभ्या दुमडा आणि पुन्हा ठेवा. आता खोडरबरच काय, पेन्सिली आणि खडूही पेलतो. कागद तोच, वजनही तेच, फक्त आकार बदलला. उभी कड वाकायला विरोध करते.

ट्रॉलीखाली लोखंडी चॅनेल वापरतात ते याचसाठी. म्हणून चॅनेल किती उंच आणि किती जाड आहे ते टेपनं मोजा. दोन लांब चॅनेल मधे न जोडता अखंड आहेत का, हे बघा. जोड असलाच तर त्यावर आतून पट्टी मारलेली हवी.

वेल्डिंग बघायची खरी वेळ रंग लावायच्या आधीची. ऑर्डर देतानाच सांगा, “रंग मारायच्या आधी आम्ही बघायला येणार.” चांगला कारागीर नाही म्हणत नाही. वेल्डिंगची ओळ सलग, एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी दिसली पाहिजे. अधूनमधून टाके घातलेले, भोकं पडलेली किंवा कडेला खोबण पडलेली वेल्डिंग नको. आम्ही दुसरी ट्रॉली घेताना मी पर्समधला खडू काढला आणि शंका येईल तिथं गोल केले. कारागीर आधी हसला. मग म्हणाला, “बाई, वही तपासल्यागत तपासताय.” पण सगळे गोल त्यानं दुरुस्त करून दिले.

३. आस, बेअरिंग, पाटे आणि टायर

ट्रॉलीचं सगळं वजन शेवटी आसावर येतं. आस आणि तुंबा किती टनांचे आहेत, हे तोंडी न विचारता बिलावर लिहून घ्या. जुनी ट्रॉली घेत असाल तर जॅक लावून चाक उचला. चाक हातानं फिरवा, घरघर आवाज आला तर बेअरिंग गेलं. चाक वर-खाली धरून हलवा, खुळखुळलं तर बेअरिंग ढिलं आहे. पाट्यांची एखादी पट्टी तडकली आहे का, पाटे आसाला धरून ठेवणारे बोल्ट घट्ट आहेत का, तेही बघा.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख छापलेली असते. ‘३५२२’ लिहिलं असेल तर २०२२ सालच्या ३५ व्या आठवड्यात तो टायर तयार झाला. ट्रॉली नवी आणि टायर जुने, असा प्रकार सर्रास होतो. मुलांना घरच्या गाडीच्या टायरवरची तारीख शोधायला सांगा, फार आवडीनं शोधतात.

४. हूक आणि पिन

दोन ट्रॉल्या जोडता तेव्हा पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकावर दुसरीचा सगळा ओढ येतो. म्हणून तो हूक नुसत्या मागच्या पट्टीला जोडलेला नको, त्याचा आधार लांब चॅनेलपर्यंत गेलेला हवा. पिन चांगल्या लोखंडाची आणि तिला खालून लॉक हवं. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालू नका. शिवाय एक भक्कम साखळी जोडा. हूक तुटलाच तर ती साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

५. वजन कुठं ठेवायचं?

हे सी-सॉचं गणित आहे. पट्टीखाली पेन्सिल ठेवा आणि खोडरबर पुढं-मागं सरकवा. दोन चाकी ट्रॉलीत आस म्हणजे ती पेन्सिल. सगळं वजन आसाच्या मागं ठेवलं तर पुढची दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची पकड सुटते. फारच पुढं ठेवलं तर ट्रॅक्टरचं नाक उचलतं आणि स्टेअरिंग ऐकत नाही. म्हणून जड वस्तू आसाच्या किंचित पुढं ठेवून घट्ट बांधायची. ऊस नको तितका उंच भरला तर वळणावर ट्रॉली कलंडते, हे तर आपण दर हंगामात बघतो.

६. आता तो ब्रेक

दुसऱ्या दिवशी वर्गात हा हिशोब मांडला. ट्रॅक्टर अडीच टनांचा. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन. त्यात ऊस साडेअठरा टन. एकूण २५ टन. ब्रेक मात्र ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनाच. म्हणजे जो ब्रेक अडीच टन थांबवायला बसवला, तोच आता दहापट वजन थांबवणार.

ताशी २० किलोमीटर वेगानं नुसता ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यावर साधारण ४ मीटरमध्ये थांबतो असं धरू. तोच ब्रेक दहापट वजनाला लावला तर अंतरही दहापट, ४० मीटर. शिवाय डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यात साडेपाच मीटर गेले. हा ढोबळ हिशोब आहे. रस्त्याचं घर्षण, चढ-उतार यात धरलेला नाही. उतार असेल तर अंतर आणखी वाढतं. आणि वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर चौपट लागतं.

मग टेप घेऊन मैदानात गेलो आणि ४५ मीटर मोजले. एका टोकाला एक मुलगा ‘ट्रॅक्टर’, दुसऱ्या टोकाला बाकीचे. अंतर बघून वर्ग गप्प झाला. प्रश्न विचारणाराच म्हणाला, “म्हंजे बाई, डायवरनं आमाला बगितलं तरी त्येला थांबता येत न्हाई?” मी म्हणाले, “होय बाळा, तेच.”

म्हणून शक्य असेल तर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक घ्या. चार पैसे जास्त जातील, पण हा खर्च रंग-फुलांच्या आधीचा आहे. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळायला ते उपयोगी, पण रस्त्यावर दोन्ही पॅडल पट्टीनं जोडलेलेच हवेत. नाहीतर एकच चाक अडतं आणि मागून ट्रॉली ढकलते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं तर पूर्ण बंद करा.

७. कागद आणि दिवे

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी असते आणि तिचा नंबर तिच्या बाजूला लिहावा लागतो. सगळ्यात मागच्या ट्रॉलीवर ट्रॅक्टरचाही नंबर हवा. नोंदणीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. नोंदणी करून न देणाऱ्याकडून ट्रॉली घेऊच नका.

मागचे दिवे आणि रेडियम पट्ट्या हव्यातच, पण लोंबणाऱ्या वाढ्यांनी त्या झाकल्या तर काय उपयोग? भरून झाल्यावर मागं जाऊन एकदा बघा. बंद पडलेल्या ट्रॉलीला दगड लावतात आणि जाताना ते रस्त्यातच सोडतात. रात्री त्यावर दुचाकी आदळते. दोन लाकडी ठोकळे दोरीनं ट्रॉलीलाच बांधून ठेवा, म्हणजे ते बरोबरच जातात.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती

चालत्या ट्रॉलीमागं पळून ऊस ओढणं आपणही लहानपणी केलं असेल. आपण वाचलो, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. “ओढू नको” एवढं सांगून मुलं ऐकत नाहीत. त्यांना ४५ मीटर मोजून दाखवा. आमच्या वर्गात तरी त्यानंतर मुलंच एकमेकांना थांबवतात. आणि दोन ऊस खायचे असतील तर ट्रॉली उभी असताना मागून घ्या. आपल्याकडचा शेतकरी ऊस मागितल्यावर नाही म्हणत नाही.

ट्रॉली माल न्यायला आहे. जत्रेला, लग्नाला माणसं भरून न्यायला नाही. तोडीला आलेल्या टोळीतली लहान मुलंही भरलेल्या उसावर बसून जाताना दिसतात. ती आपल्याच शाळेच्या पटावर आली पाहिजेत, ट्रॉलीच्या शेंड्यावर नाही. मुकादमाशी आणि टोळीतल्या आयांशी आपणच जाऊन बोललं पाहिजे.

आणि ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी आज एकच करा. हुकाच्या पट्टीवरचा चिखल पुसा, बॅटरी घ्या आणि वाकून बघा. केसासारखी बारीक भेग दिसली तर ट्रॉली उद्या सोडू नका. आधी दुरुस्ती, मग खेप.

तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर जरूर कळवा.