दुर्बीण घेताना आधी आरसा पाहा

भात झोडून घरात आले, दिवाळी सरली, की मुळशीचे आकाश धुतल्या भांड्यासारखे लख्ख होते. अशा वेळी घरातल्या मुलाने वा मुलीने दुर्बिणीचा हट्ट धरला तर त्यांना गप्प करू नका. मात्र कष्टाचे पैसे मोजण्याआधी चार गोष्टी समजून घ्या.

खोक्यावर ‘पाचशे पट मोठे दिसेल’ असे छापलेले असते. त्याला भुलू नका. बैल घेताना आपण झूल पाहत नाही, दात आणि खूर पाहतो. दुर्बिणीचा तसा आरसा पाहावा. पावसात अंगणी वाटी आणि घमेले ठेवले तर पाणी कशात जास्त साठेल? आरशाचेही तसेच. रुंदी दुप्पट झाली की उजेड चौपट गोळा होतो. नवशिक्यांसाठी साडेचार इंची आरसा पुरेसा. ऐपत असल्यास ६ इंची घ्यावा. एका इंचामागे साधारण ५० पट, यापुढे नुसते मोठे आणि पुसट दिसते.

दुसरी गोष्ट बैठक. काटकुळ्या तिवईवरची दुर्बीण हात लागताच थरथरते. अमेरिकेतील जॉन डॉबसन यांनी रूढ केलेली लाकडी, जमिनीवर बसणारी बैठक उत्तम. मोडली तर गावचा सुतारही दुरुस्त करील.

पट काढणे सोपे आहे. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आणि डोळ्याकडचे भिंग २५ मिलिमीटरचे असेल, तर ४८ पट. एवढ्यात चंद्रावरचे खड्डे, गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी दिसतात. जूनमध्ये आपण ज्या मृगाची वाट पाहतो, तो तेव्हा सूर्याजवळ असल्याने दिसत नाही. तो हिवाळ्यात पाहा. त्यातल्या एका रेषेतील तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला धुरकट तेजोमेघ दिसेल. हिंजवडीकडच्या उजेडाकडे पाठ करावी. ताम्हिणीच्या बाजूला अंधार चांगला मिळतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. दव पडलेली दुर्बीण वाळल्याशिवाय झाकू नका, कोरड्या जागी ठेवा आणि आरसा पदराने पुसू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणात डोळा जाईल. दिवसा ती मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका.

घेण्यापूर्वी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहून घ्या. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम करते. विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या संस्थेने तर कित्येकांना स्वतःच्या हाताने आरसा घासून दुर्बीण करायला शिकवले आहे. तिथे चौकशी करावी.

आणि यंदा पैसे जमले नाहीत तरी मुलांना अंगणात न्या. कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी, मृग डोळ्यांनी ओळखायला शिकवा. ज्याला आकाशाच्या वाटा ठाऊक, त्याच्याच हाती दुर्बीण शोभते.