चुन्याचा वाडा, सिमेंटची दुरुस्ती

१८७९च्या मे महिन्यात लागलेल्या आगीत पुण्याचा बुधवारवाडा जळून नाहीसा झाला. त्याच आगीने विश्रामबागवाड्याचाही काही भाग गिळला. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला हा वाडा मात्र तगला. पुढे त्यात संस्कृत पाठशाळा भरली, नगरपालिकेची कचेरी चालली, टपाल कार्यालय आले. वापरात राहिला म्हणून त्याच्याकडे कुणाचे तरी लक्ष राहिले, असे मला वाटते.

असे भाग्य पेठांतल्या बिननावाच्या वाड्यांना लाभले नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात कोसळले. उरलेल्यांची पडझड सावकाश झाली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधून ठेवली होती. १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच इतका तुटपुंजा की त्यातून छपराची कौलेही परतवता येईनात. भाडेकरूला घर सोडवत नाही, मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि वारसांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत.

वाड्याचा भार सागवानी सांगाडा पेलतो. दगडी जोत्यावर तळखडे, त्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती बहुतांशी मधल्या जागा भरतात, म्हणून भिंत ढासळली तरी सांगाडा पुष्कळदा उभा असतो. धोका असतो तो तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे. एक कौल फुटते, पाणी झिरपत त्या टोकाशी पोचते. गिलावा चुन्याचा असेल तर ओल हळूहळू बाहेर पडते. वर सिमेंट थापले की ती आतच कोंडते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई ठोकून पाहिली की पोकळ वाजते. चांगल्या हेतूने केलेल्या सिमेंटच्या दुरुस्तीनेच कितीतरी वाड्यांचे आयुष्य घटले आहे, आणि याची मला फार खंत वाटते.

खरी दुरुस्ती संथ असते. कळीचा चुना विरवायचा, वाळू किंवा विटांची सुरखी घालून मळायचा. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर, ताग घालत. लाकडाचा कुजलेला भाग तेवढा कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवायचा. अख्खा खांब बदलण्याची वेळ क्वचितच येते. हे जाणणारे सुतार आणि गवंडी आता विरळ झाले आहेत, आणि वारसा-यादीत नाव चढल्याने ते परत येणार नाहीत. मुंबईत १९९५पासून वारसा नियमावली आहे, पुण्यातही याद्या आहेत. पण यादीतल्या घराच्या मालकाला चुन्याच्या कामाचा खर्च भागेल इतकी मदत हवी, आणि गवंड्याच्या मुलाला हे काम शिकून पोट भरता यायला हवे. तोवर वाडा पाडणारा ठेकेदार नक्षीचे खांब आणि तुळया उचलत राहील. त्या मालाला आजही उत्तम भाव आहे. वाड्याला मात्र फक्त खालच्या जमिनीचा.