शनिवारची संगीतशाळा

शिकागो हे अमेरिकेतले मोठे औद्योगिक शहर. त्याच्या दक्षिण भागाला साऊथ साइड म्हणतात. काळ्या कष्टकऱ्यांची ही मोठी वस्ती. १९६० चे दशक संपत आले असताना या वस्तीत एक आगळी शाळा सुरू झाली. ती भरायची शनिवारी आणि शिकवायची संगीत. फी एक पैसाही नव्हती. शिकवणारे मास्तर पगारी नव्हते, तेही त्याच वस्तीत वावरणारे वादक होते. या शाळेत मुलाला सुरुवातीपासून सांगितले जाई की, दुसऱ्याने रचलेले वाजवायला शीक, पण तेवढ्यावर थांबू नकोस. स्वतःचेही रच.

ही शाळा ज्या संस्थेने काढली तिचे नाव लांबलचक आहे : 'असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स'. म्हणजे नवनिर्मिती करणाऱ्या संगीतकारांच्या उन्नतीसाठी काढलेली संस्था. लोक तिला थोडक्यात ए.ए.सी.एम. म्हणतात. २०२५ साली तिच्या स्थापनेला साठ वर्षे झाली. कुणा धनवंताने थैली सोडली म्हणून ती निघाली नाही, की कुठल्या सरकारी योजनेतूनही निघाली नाही. हाताला पुरेसे काम नसलेल्या वादकांनी एकत्र बसून ती काढली. म्हणून तिची हकीकत घरातल्या थोरांनी आणि मुलामुलींनी मिळून वाचावी अशी आहे.

जॅझ म्हणजे काय?

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या हाती आपण ट्रंपेट, क्लॅरिओनेट, सॅक्सोफोन पाहतो. हीच वाद्ये जॅझमध्ये असतात. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. त्यानंतर गुलामांच्या मुला-नातवंडांनी शेतात राबतानाची गाणी, चर्चमधली भजने, दुःख सांगणारी 'ब्लूज' गाणी आणि लष्करी बँडची वाद्ये यांतून एक नवे संगीत घडवले. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात ते नावारूपाला आले. तेच जॅझ. वादक एखादी चाल घेतो आणि त्या क्षणी सुचेल तसा तिचा विस्तार करतो, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडचा गवई राग फुलवतो, काहीसे तसेच.

हे संगीत जगभर गाजले. पण क्लबचे आणि रेकॉर्ड कंपन्यांचे मालक बहुतेक गोरे. काळा वादक रात्रभर वाजवी आणि काय वाजवायचे ते मात्र मालक ठरवी. वाजंत्री म्हणून त्याला बोलावणे येई. संगीतकार म्हणून मान मिळणे ही फार थोड्यांच्या वाट्याची गोष्ट होती.

गाव सोडून आलेली माणसे

१९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख काळ्या लोकांनी दक्षिणेतली गावे सोडली. शेतमालकाचा जाच, झुंडीने होणाऱ्या हत्या आणि रोजचा अपमान यांतून सुटण्यासाठी त्यांनी उत्तरेची रेल्वे धरली. शिकागोत १९१० साली काळे लोक होते सुमारे ४४ हजार. १९७० साली ते ११ लाखांवर गेले. पुरुषांना खाटीकखान्यात, पोलाद कारखान्यात, रेल्वेत काम मिळाले. बायका दुसऱ्यांच्या घरी राबल्या.

पण उत्तरेतही राहायला जागा मोकळी नव्हती. गोरे घरमालक आपसात करार करून काळ्यांना घर विकत किंवा भाड्याने देत नसत. असे करार न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, तरी वस्तीची भिंत लगेच पडली नाही. शाळांची तीच गत. काळ्यांच्या शाळांत वर्ग ओसंडून वाहत आणि मुले पाळ्या लावून शिकत. या भेदभावाविरुद्ध २२ ऑक्टोबर १९६३ रोजी शिकागोत दोन लाखांहून अधिक मुलांनी एक दिवस शाळेवर बहिष्कार टाकला. वादकांच्या युनियनही काळ्यांची वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी. त्या एक झाल्या १९६६ साली.

याच वस्तीत एक थोर मास्तर होऊन गेले. वॉल्टर डायेट हे त्यांचे नाव. लष्करी बँड चालवल्यामुळे सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. १९३० च्या दशकापासून त्यांनी काळ्या मुलांच्या सरकारी शाळेत संगीत शिकवले. शिस्तीचे कडक. बेसूर वाजवलेले त्यांना खपत नसे. विद्यार्थ्यांचा संगीताचा कार्यक्रम ते दरवर्षी बसवीत. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जॉनी ग्रिफिन हे पुढे जगप्रसिद्ध झालेले कलावंत त्यांच्या हाताखालून गेले. गरीब वस्तीत एक चांगला मास्तर असला की काय होते, ते साऊथ साइडने पाहिले होते.

काम गेले, माणसे जमली

१९६० च्या सुमारास काळ बदलला. लोकांची आवड बदलली, घरोघर टेलिव्हिजन आला, साऊथ साइडचे क्लब एकेक करून बंद पडू लागले. वादकांचे काम गेले.

त्या वादकांत रिचर्ड अब्राम्स हे एक पियानोवादक होते. जन्म १९३०, शिकागोचाच. पुढे त्यांनी मुहाल रिचर्ड अब्राम्स असे नाव घेतले. संगीताच्या वर्गात त्यांनी नाव घातले होते, पण रस्त्यावर जे संगीत ऐकू येई ते त्या वर्गात नव्हते. मग त्यांनी एक छोटा पियानो मिळवला, पुस्तके वाचली आणि स्वतःच स्वतःला शिकवले. १९६० नंतर त्यांनी एक 'प्रायोगिक बँड' जमवला. तिथे तरुण पोरांनी स्वतः लिहिलेले संगीत आणायचे आणि सगळ्यांनी मिळून ते वाजवून पाहायचे. चुकले तर हसायचे नाही, दुरुस्त करायचे.

१९६५ च्या वसंत ऋतूत अब्राम्स, पियानोवादक जोडी ख्रिश्चन, ट्रंपेटवादक फिल कोहरान आणि ड्रमवादक स्टीव्ह मॅकॉल या चौघांनी शहरातल्या वादकांना पोस्टकार्डे टाकली. ८ मे १९६५ रोजी कोहरान यांच्या घरी सभा भरली. कामकाज रीतसर चालले. बोलणाऱ्याने आधी आपले नाव सांगायचे, मग मत मांडायचे. शेजारी टेपरेकॉर्डर चालू होता.

सभेत मोठा वाद झाला तो एका प्रश्नावर : आपण वाजवायचे काय? लोकांना ओळखीची गाणी हवीत, ती नाही वाजवली तर ऐकायला कोण येणार? हा प्रश्न पोटाचा होता. तरीही ठरले ते असे की, संस्थेच्या मैफलीत सभासदांनी स्वतः रचलेलेच संगीत वाजवायचे. पोटासाठी बाहेर कुणी काहीही वाजवावे. पण आपल्या व्यासपीठावर आपलेच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिननफ्याची संस्था म्हणून इलिनॉय राज्यात तिची नोंदणी झाली आणि मैफलीही सुरू झाल्या. संस्थेने नऊ उद्दिष्टे लिहून काढली. तरुणांना संगीताचे मोफत शिक्षण देणे, लायक कलावंतांना काम मिळवून देणे, वादकाने वागणुकीने आदर्श घालून देणे आणि समाजात त्याची प्रतिमा उंचावणे, ही त्यांतली काही. वादक म्हणजे दारूडा, नशेबाज, असा समज त्या काळी सर्रास होता. तो पुसण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली.

शाळेची रीत

मोफत शिक्षणाचे उद्दिष्ट कागदावर राहिले नाही. काही वर्षांतच शनिवारची शाळा भरू लागली. संस्थेतला जो वादक जे जाणतो ते त्याने शिकवायचे. स्वरलिपी वाचणे, ताल, सूर आणि सोबत रचना. आपल्या शाळांत निबंध लिहायचा तो गाईडातून पाठ करून, अशी सवय मुलांना लागते. इथे तसे नव्हते. चार स्वर कळले की त्या चार स्वरांत तुला काय म्हणायचे आहे ते लिहून आण, अशी रीत.

मोठेही विद्यार्थीच राहिले. एकेकाने चार-चार वाद्ये शिकून घेतली. काहींनी घंटा, शिट्ट्या, सायकलचे हॉर्न अशा साध्या वस्तूंतूनही संगीत काढले. आधी लोक हसले, मग कान देऊन ऐकू लागले. १९६६ साली रॉस्को मिचेल या सॅक्सोफोनवादकाची 'साऊंड' ही रेकॉर्ड शिकागोच्याच डेलमार्क कंपनीने काढली. संस्थेच्या सभासदाची ही पहिली रेकॉर्ड.

पण रेकॉर्डने पोट भरत नव्हते. १९६९ साली मिचेल, लेस्टर बोवी, जोसेफ जार्मन आणि मलाकाय फेव्हर्स हे चौघे पॅरिसला निघाले. ट्रंपेटवादक बोवी यांनी प्रवासखर्चासाठी घरातले सामानसुमान विकून टाकले. तिकडे ते 'आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो' या नावाने गाजले. ज्या शहरात त्यांना काम नव्हते, त्या शहराचे नाव त्यांनी युरोपभर नेले.

घरची उणीदुणी

सगळे गोड होते असे समजू नका. पैशाची ओढाताण कायम. मैफलीला कधी श्रोत्यांपेक्षा मंचावरची माणसे जास्त. अनेकांनी दिवसा नोकरी करून संध्याकाळी संगीत केले. संस्थापकांपैकी कोहरान थोड्याच काळात वेगळे झाले. १९७० च्या दशकात अब्राम्स यांच्यासह बरेच जण न्यूयॉर्कला गेले. पुढे तिथे संस्थेची शाखा निघाली आणि शिकागोवाले व न्यूयॉर्कवाले यांच्यात कुरबुरीही झाल्या.

स्त्रियांची संख्या फार काळ कमी राहिली. आर्कान्सा राज्यातल्या खेड्यातून आलेल्या अमिना क्लॉडीन मायर्स शिकागोत शाळामास्तरीण होत्या. १९६० च्या दशकातच त्या सभासद झाल्या. पियानो, ऑर्गन आणि गायन ही त्यांची क्षेत्रे. अमेरिकेचा 'जॅझ मास्टर' हा राष्ट्रीय सन्मान त्यांना २०२४ साली मिळाला. संस्थेचे नेतृत्व प्रथमच एका स्त्रीकडे, बासरीवादक निकोल मिचेल यांच्याकडे येण्यास मात्र स्थापनेनंतर चाळीसहून अधिक वर्षे लागली. उशीर झाला खरा, पण ते दार उघडले.

तरी संस्था टिकली. का टिकली? शाळा होती म्हणून, असे म्हणावे लागते. जुने गेले, तरी त्यांनी शिकवलेले नवे उभे होते.

फळ

या संस्थेतल्या माणसांची वाट कुठवर गेली ते पाहा. अँथनी ब्रॅक्स्टन, वाडाडा लिओ स्मिथ, रॉस्को मिचेल हे अमेरिकेतल्या नामांकित उच्च शिक्षणसंस्थांत प्राध्यापक झाले. व्हिएतनाम युद्धात सैनिक म्हणून गेलेले हेन्री थ्रेडगिल यांना २०१६ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अब्राम्स स्वतः २०१० साली 'जॅझ मास्टर' झाले आणि २०१७ साली ८७ व्या वर्षी वारले. २०१५ साली, संस्थेच्या पन्नाशीला, शिकागोच्या संग्रहालयांनी तिच्यावर प्रदर्शने भरवली.

आणि जॉर्ज लुईस. १९७१ साली, एकोणिसाव्या वर्षी, हा ट्रॉम्बोन वाजवणारा शिकागोचा पोरगा सभासद झाला आणि अब्राम्स यांच्याकडे रचना शिकला. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी अध्ययन केले, त्याच विद्यापीठात लुईस पुढे संगीताचे प्राध्यापक झाले. २००८ साली त्यांनी संस्थेचा सविस्तर इतिहास ग्रंथरूपाने लिहिला. १९६५ च्या सभेतल्या त्या टेप त्यांच्या कामी आल्या. कोण काय बोलले, कोणी विरोध केला, काय ठरले, हे त्यांना सभासदांच्याच आवाजात ऐकता आले. घरातल्या बैठकीत टेपरेकॉर्डर लावण्याचे कुणाला तरी सुचले म्हणून गरीब वादकांचा इतिहास दुसऱ्या कुणाला सांगावा लागला नाही. तो त्यांच्यातल्याच एकाने लिहिला.

वस्तीवस्तीत मंडळे निघतात आणि मोडतात. सभा होतात आणि वर्षभरात कोण काय बोलले ते कुणाला आठवत नाही. शिकागोच्या या माणसांनी तीन साध्या गोष्टी केल्या. नियम लिहून ठेवले, झालेल्या कामाची नोंद ठेवली आणि आठवड्यातला एक दिवस मुलांना दिला. पैसा त्यांच्याजवळ कधीच फारसा नव्हता. शनिवार मात्र दर आठवड्याला येत होता.